नित्यग काल ॲपकडे, आवस्थिक काल वैद्याकडे



गेल्या वर्षी आपल्या व्यवसायबंधूंच्या एका बैठकीनंतर चहापान चालू असता एका तरुण वैद्याने मला सहज विचारले, "सर, अपॉइंटमेंटसाठी आपण कोणते ॲप वापरता?" माझ्याऐवजी शेजारी बसलेल्या एका ज्येष्ठ वैद्यराजांनीच उत्तर दिले, "आमचे ॲप हे!" आणि त्यांनी आपल्या कपाळावर बोट टेकवले. सर्वजण हसले. मीही हसलो. परंतु घरी परतताना मला सहा दिवस तूप प्यायलेला एक रुग्ण आठवला आणि ते हसू ओसरले. प्रस्तुत लेखनप्रपंच त्या रुग्णामुळे आहे.

माझा व्यवसाय दोन गावांत विभागलेला आहे. सोमवार, मंगळवार, शुक्रवार व शनिवार सांगली. बुधवार व गुरुवार सातारा. मधला प्रवास पेठ नाका, कराड असा, सुमारे सव्वाशे किलोमीटरचा. त्या काळी दोन्ही ठिकाणी टेबलावर एकेक डायरी असे; औषध कंपन्या जानेवारीत भेट देतात तशी, जाड पुठ्ठ्याची. सांगलीची नोंद सांगलीच्या डायरीत, सातारची सातारच्या. ही व्यवस्था दहा-अकरा वर्षे सुरळीत चालली, म्हणजे चालली असे मला वाटत होते.

२०१७ च्या शरदात कराडकडील एक ऊस उत्पादक शेतकरी जुनाट विचर्चिकेसाठी सातारच्या चिकित्सालयात आला. दोष पाहता विरेचन योग्य होते. बुधवारी महातिक्तक घृताचे स्नेहपान सुरू केले. पाच दिवसांत, म्हणजे रविवारपर्यंत, सम्यक् स्निग्ध लक्षणे दिसावीत. पुढे तीन दिवस अभ्यंग-स्वेदन आणि गुरुवारी विरेचन, असा हिशेब केला. गुरुवार हा माझा सातारचाच दिवस. रविवारी रात्री फोनवर विचारणा केली, तेव्हा लक्षणे अपुरी वाटली. कोष्ठ क्रूर होता. "उद्या आणखी एक दिवस तूप घ्या आणि शुक्रवारी सकाळी सातला या," असे मी सांगितले. त्या क्षणी मी घरी होतो, दोन्ही डायऱ्या आपापल्या टेबलावर होत्या. तारीख एका चिठ्ठीवर लिहिली. ती चिठ्ठी पुढे कोठे गेली ते मला आजही सांगता येणार नाही.

शुक्रवारी सकाळी सात वाजता तो गृहस्थ मुलासह सातारच्या बंद दारासमोर उभा होता आणि मी सांगलीत स्नान आटोपत होतो. फोन आला. रागाचा एक शब्द नव्हता. "डॉक्टर, सहा दिवस तूप पिलो, तुमास्नी एक दिवस ध्यानात ऱ्हायला न्हाई व्हय?" एवढेच ते म्हणाले. ऊसतोडीची टोळी दाराशी येण्याचे दिवस, त्यातून त्यांनी सवड काढलेली. "उद्या या" म्हणावे तर शनिवारही सांगलीचा. विरेचन पुढे ढकलून चालण्यासारखे नव्हते, आणि पुन्हा स्नेहपान करा म्हणण्याचे तोंड मला नव्हते. त्या वर्षीचे त्यांचे शोधन गेले. ते पुन्हा आले नाहीत.

ही चूक स्मरणशक्तीची होती असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. चूक व्यवस्थेची होती, आणि तिचे मूळ आपल्या चिकित्सेच्या स्वरूपातच आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानात काल दोन प्रकारचा सांगितला आहे, नित्यग आणि आवस्थिक. नित्यग म्हणजे अहोरात्र, ऋतू, अयन या क्रमाने आपल्या गतीने जाणारा. तो कोणासाठी थांबत नाही. आवस्थिक म्हणजे रोगाच्या व रुग्णाच्या अवस्थेवर अवलंबून असणारा. माझा रुग्ण आवस्थिक काळानुसार गुरुवारवरून शुक्रवारवर गेला. माझे आठवड्याचे वेळापत्रक मात्र नित्यग काळाला बांधलेले राहिले. दोहोंची गाठ घालून देणारे मध्ये काहीच नव्हते.

आज बाजारात वेळेच्या नियोजनाची जी असंख्य ॲप्स मिळतात, त्यांच्याकडे मी याच दृष्टीने पाहतो. ही सर्व साधने नित्यग काळाची आहेत. तारीख, वार, तास, मिनिटे यांत ती चुकत नाहीत, थकत नाहीत, चिठ्ठी हरवत नाहीत. आवस्थिक काल मात्र त्यांना कळत नाही आणि कळणारही नाही. म्हणून जे नित्यग आहे ते सर्व निःशंकपणे ॲपवर सोपवावे, आणि जे आवस्थिक आहे त्यात त्याला पाऊल ठेवू देऊ नये, असे माझे मत झाले आहे. आपल्यापैकी पुष्कळांकडून याच्या नेमके उलट घडते. तारखा आपण डोक्यात ठेवतो आणि रुग्णासमोर बसलो असताना लक्ष मोबाईलला देतो.

प्रथम अपॉइंटमेंटच्या ॲप्सविषयी. दवाखान्यासाठी म्हणून जी तयार ॲप्स विकली जातात, ती बहुतेक दहा-पंधरा मिनिटांच्या कप्प्यांवर रचलेली असतात. दंतवैद्यास किंवा नेत्रतज्ज्ञास ती सोयीची असतील. आपल्या पंचकर्माचा कप्पा पडत नाही, त्याची साखळी असते. दीपन-पाचन, स्नेहपान तीन ते सात दिवस, नंतर वमन असेल तर एक दिवसाचा आणि विरेचन असेल तर तीन दिवसांचा अवकाश, मग मुख्य कर्म, मग शुद्धीनुसार तीन, पाच किंवा सात दिवसांचा संसर्जन क्रम. पहिली कडी एक दिवस सरकली की सर्व कड्या सरकतात. मी असे एक ॲप वर्षभर पैसे भरून वापरून पाहिले. त्यात रुग्णाची एक तारीख बदलली की उरलेल्या साऱ्या तारखा हाताने बदलाव्या लागत. त्यापेक्षा फळ्यावर खडूने लिहिणे सोपे होते.

अखेरीस उपयोगी पडले ते कोणत्याही मोबाईलमध्ये फुकट मिळणारे साधे कॅलेंडर. गुगलचे कॅलेंडर २००६ पासून उपलब्ध आहे. मी त्याच्याकडे वळलो तो बारा-तेरा वर्षे उशिरा. आमची रीत अशी आहे. रुग्णाचे स्नेहपान ठरले की सातही दिवसांची नोंद सकाळी सहाच्या वेळेस टाकली जाते. पाचवरच थांबेल असे गृहीत धरत नाही. प्रत्येक सायंकाळी रुग्णास फोन करण्याची स्मरणसूचना असते. मुख्य कर्माचा दिवस ठरण्यापूर्वी जे दोन-तीन दिवस संभवतात, ते सर्व "राखीव" म्हणून निराळ्या रंगात दिसतात. लक्षणे दिसली की त्यांतील एक दिवस पक्का होतो, उरलेले मोकळे होतात. निर्णय माझा, तो पाळण्याची आठवण त्या यंत्राची. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे कॅलेंडर सांगली व सातारा मिळून एकच आहे, आणि ते माझ्याप्रमाणेच दोन्हीकडील सहायकांच्या व आमच्या औषधविक्रेत्याच्या मोबाईलवर उघडते. राखीव दिवस सांगलीच्या वारी येतो आहे असे दिसले, तर ते आठवडाभर आधीच दिसते.

बस्तीच्या बाबतीत तर सहायकाचा गोंधळ अगदी ठरलेला. योगबस्तीतील आठांपैकी तीन निरूह व पाच अनुवासन हे आपण जाणतो. पण दुसऱ्या दिवसापासून एकाआड एक क्रम हातात बसला की आठव्या दिवशी सहायक सवयीने निरूहाची तयारी करून ठेवतो. सातव्या व आठव्या दिवशी लागोपाठ अनुवासन असते हे विसरतो. आता त्या दिवशी सकाळी त्याच्या मोबाईलवर "आठवा दिवस, अनुवासन" एवढी एक ओळ येते. काढा वाया जाणे थांबले.

येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, २०१७ च्या प्रसंगाने मला लाज वाटली, पण मी सुधारलो नाही. पुढील दोन वर्षे डायऱ्याच चालू होत्या. सुधारणा झाली ती कृष्णामाईने करविली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीस आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली; धोक्याची पातळी ४५ फूट आहे. गणपती पेठ, मारुती रोड, हरभट रोड हा सारा भाग पाण्याखाली होता. माझे चिकित्सालय त्याच परिसरात, तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर शटर उघडले, तेव्हा औषधांचे नुकसान दिसेल अशी मनाची तयारी होती. केसपेपरांची नव्हती. २००६ पासूनचे केसपेपर लोखंडी कपाटाच्या खालच्या तीन खणांत होते, कारण वरचे खण महागड्या औषधांसाठी ठेवलेले. ओल्या कागदांच्या विटा झाल्या होत्या. शाई धुऊन गेलेली. पेन्सिलीने लिहिलेले तेवढे कोठे कोठे वाचता येत होते, ही एक गंमत.

औषधे पुन्हा विकत घेता आली. परंतु त्यानंतर वर्षभर रुग्ण येत राहिले आणि म्हणत राहिले, "मागच्या खेपेचेच औषध द्या, त्याने बरे वाटले होते." मागच्या खेपेचे औषध कोणते, ते त्यांनाही ठाऊक नव्हते व मलाही. एका बाईंच्या आमवाताची आठ वर्षांची वाटचाल, कोणत्या ऋतूत वाढला, कोणत्या कल्पाने उतरला, कोणते मानवले नाही, हे सर्व त्या विटांत गेले. आठ वर्षांचा उपशय-अनुपशय पुन्हा पहिल्यापासून जुळवावा लागला. जुलै २०२१ मध्ये पूर पुन्हा आला, पाणी पुन्हा चिकित्सालयात शिरले. पण तोवर प्रत्येक केसपेपराचे छायाचित्र मोबाईलने काढून इंटरनेटवरील संग्रहात, ज्याला क्लाउड म्हणतात त्यात, ठेवण्याची सवय लागली होती. कागद गेले, मजकूर राहिला. मेघांनी बुडविले आणि मेघानेच राखले, असे आमचा सहायक म्हणतो.

या कामास दिवसाकाठी किती वेळ लागतो, असे विचारले जाते. ओपीडी संपल्यावर एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे. मी घटिका हा शब्द मुद्दाम वापरला. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन गृहस्थाने १९८० च्या दशकात विद्यार्थिदशेत असताना स्वयंपाकघरातील टोमॅटोच्या आकाराच्या गजराच्या घड्याळावरून अभ्यासाची एक पद्धत बसविली. २५ मिनिटे एकच काम, मग अल्प विश्रांती. टोमॅटोला इटालियनमध्ये पोमोदोरो म्हणतात, म्हणून त्या पद्धतीचे नाव पोमोडोरो. आज त्यावर आधारित कितीतरी ॲप्स आहेत. आपल्याकडे अहोरात्राच्या ६० घटिका, दोन घटिकांचा मुहूर्त, आणि लग्नमंडपात पाण्यावर तरंगणारे घटिकापात्र हे सर्वांनी ऐकलेले, काहींनी पाहिलेले. आता हे वाचून कोणी "पाहा, आमच्या पूर्वजांनी पोमोडोरो आधीच शोधला होता" असे व्याख्यान देऊ नये ही विनंती. घटिका हे कालमापन होते, कार्यपद्धती नव्हे. परंतु माणसाच्या एकाग्रतेस साधारण तेवढाच तुकडा मानवत असावा, एवढे म्हणण्यास हरकत नाही. मी मोबाईलवर २४ मिनिटांचा गजर लावतो, तेवढ्यात दिवसभराच्या नोंदी तपासतो, आणि गजर झाला की उठतो. उरलेले उद्या.

आता औषधविक्रेते मित्रांकडे वळतो, कारण वैद्याच्या दैनंदिनीचा त्यांच्याशी संबंध आहे ही गोष्ट आपण दोघेही विसरतो. स्नेहपानास सात दिवस पुरेल एवढे एकाच बॅचचे घृत हवे असते. चौथ्या दिवशी "तूप संपले, दुसऱ्या कंपनीचे देऊ का" असे विचारले गेले तर वैद्याने काय करावे? वसंतात वमने लागोपाठ येतात. प्रत्येक वमनास यष्टीमधूचा फांट कित्येक लिटर लागतो. त्याची भरड, मदनफळ, वचा, सैंधव हे आधी मागवून ठेवावे लागते. पूर्वी आमचे विक्रेते आदल्या रात्री फोन करीत, "उद्या काय लागेल?" आता ते कॅलेंडर पाहून पंधरा दिवस आधी भरड मागवितात. त्यांच्याच शब्दांत, फाल्गुन-चैत्रातील धावपळ निम्म्यावर आली. निम्म्यावर की पाऊणवर हे मी मोजलेले नाही.

दुसरी बाब मुदतीची. शार्ङ्गधराचार्यांनी चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनंतर व गुटी-अवलेहांचे वर्षानंतर हीन होते असे सांगितले. आसव, धातू व रसकल्प मात्र जुने झाल्याने गुणवान होतात. आजचा कायदा लेबलावर मुदत छापावयास लावतो आणि आधुनिक आवेष्टनामुळे ती शार्ङ्गधरांपेक्षा पुष्कळ मोठी असते. विक्रेत्याला कायद्याची तारीख पाळावीच लागते. परंतु डबा एकदा फोडून सुटी पुडी बांधू लागलो की लेबलावरील तारीख ही बंद डब्याची तारीख उरते, हे किती जण लक्षात घेतात? आमच्या विक्रेत्यांनी एक साधा तक्ता मोबाईलवर केला आहे. कल्पाचे नाव, बॅच नंबर, लेबलावरील मुदत आणि "डबा फोडल्याची तारीख" असे चार रकाने. चूर्णाचा डबा फोडून दोन महिने होत आले की सूचना येते. त्या चौथ्या रकान्याखेरीज बाकी सर्व कोणत्याही बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मिळते; चौथा रकाना आपला आपल्यालाच करावा लागतो. मुदत जवळ आलेला माल पुढच्या फळीवर आणणे व एक्स्पायरीचा माल स्टॉकिस्टकडे वेळेत परत करणे, हेही त्यातूनच साधते.

येथवर ॲपची बाजू झाली. आता जेथे त्याने येऊ नये त्याविषयी.

औषध घेण्याची आठवण करून देणारी ॲप्स रुग्णांमध्ये, विशेषतः पुण्या-मुंबईस मुले असलेल्या वृद्धांमध्ये, फार लोकप्रिय होत आहेत. मुलगा तेथून आईच्या मोबाईलवर सकाळी आठ व रात्री आठ असे गजर लावून देतो. हेतू उत्तम. परंतु सुश्रुताचार्यांनी जे दहा औषधकाल सांगितले, ते घड्याळाला बांधलेले नाहीत, अन्नाला बांधलेले आहेत. शार्ङ्गधरांच्या पाचांतही सूर्योदय व रात्र एवढेच काय ते घड्याळात बसतात. माझ्या एका रुग्ण शिक्षिकेस प्राग्भक्त औषध दिले होते. गजर आठला झाला, औषध घेतले. घरी पाहुणे, जेवण दहाला. असे पंधरवडाभर चालले. प्राग्भक्ताचे अभक्त झाले आणि त्या "औषध गरम पडले" अशी तक्रार घेऊन आल्या. दोष औषधाचा नव्हता आणि गजराचाही नव्हता; "जेवणाच्या ताटावर बसल्यावर" असे न सांगता "रात्री" असे लिहून देणाऱ्या माझा होता. आता मी चिठ्ठीवर वेळेऐवजी ताट लिहितो.

व्हॉट्सॲपविषयी लिहिताना हात जड होतो, कारण त्याशिवाय आज कोणाचेच चालत नाही. तथापि त्यास वेळेच्या नियोजनाचे साधन म्हणणे हे चोराला राखणदार म्हणण्यासारखे आहे. रात्री साडेदहाला त्वचेचे छायाचित्र येते, खाली एक ओळ, "हे कशाने झाले असेल?" आपण सौजन्याने उत्तर देतो. ते उत्तर कोठेही नोंदले जात नाही. सहा महिन्यांनी आपल्यालाही स्मरत नाही. भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषद अस्तित्वात असताना एप्रिल २०२० मध्ये दूरस्थ चिकित्सेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. त्यांचा आशय असा की, दुरून दिलेला सल्ला हाही सल्लाच आहे. रुग्णाची ओळख, संमती आणि नोंद त्यासही लागते. म्हणजे रात्री साडेदहाचे ते सौजन्य वस्तुतः केसपेपराविना केलेली चिकित्सा आहे. मी दुपारी दीड ते दोन ही वेळ संदेशांना देतो. ज्याचे उत्तर द्यावयाचे त्याचा केसपेपर समोर काढून देतो, आणि रात्रीच्या संदेशांना सकाळपर्यंत हात लावत नाही. तातडीचे असेल तर फोन करा, अशी पाटी दोन्हीकडे लावलेली आहे. पहिले दोन महिने काही रुग्ण नाराज झाले. दोन-तीन दुसरीकडे गेलेही. (आपल्याच व्यवसायबंधूंच्या गटांवर रोज उगवणारे सुप्रभाताचे गुलाब हा निराळा विषय आहे, त्यावर लिहिले तर मला गटातून काढून टाकतील.)

परंतु यांहून गंभीर गोष्ट टेबलावरील मोबाईलची आहे. तीन-चार वर्षांपूर्वी एक प्रौढ स्त्री आपल्या तक्रारी सांगत होती. अपचन, पाठदुखी, थकवा असे बाहेरबाहेरचे सांगून झाल्यावर ती किंचित थांबली, पदर सारखा केला, आणि "दुसरं म्हणजे..." असे म्हणून बोलू लागणार, तोच टेबलावर उताणा ठेवलेला माझा मोबाईल उजळला. मी केवळ नजर टाकली. हातही लावला नाही. ती गप्प झाली. "काही नाही," म्हणाली. आणि खरोखरच त्या दिवशी तिने पुढे काही सांगितले नाही. प्रदराचा इतिहास मला पुढील महिन्यात, तिच्या नणंदेकडून समजला. माझ्या मोबाईलवर काय आले होते? "राखीव दिवस पक्का करा" ही माझ्याच कॅलेंडरची स्मरणसूचना. ज्या साधनाचे मी येथे गुणगान करीत आहे, त्यानेच तो क्षण घालविला.

तेव्हापासून तपासणीच्या खोलीत मोबाईल येत नाही. तो बाहेर सहायकाकडे असतो, सूचना त्याने पाहावयाच्या, आणि दोन रुग्णांच्या मध्ये मला सांगावयाच्या. केसपेपर अजूनही कागदावर, पेनने लिहितो. छायाचित्र नंतर काढले जाते. काही तरुण सहकारी रुग्णासमोरच टॅबवर टाइप करतात व त्यात वेळ वाचतो असे म्हणतात. वाचतही असेल. परंतु प्रश्नपरीक्षेत रुग्णाच्या डोळ्यांकडे पाहावे लागते, आणि नाडी पाहताना दुसरा हात रिकामा असावा, या बाबतीत मी जुन्या मताचा आहे.

काही सावधगिरीच्या गोष्टी घाईने सांगतो. सामाईक कॅलेंडरवर रुग्णाचे नाव व रोग कधीही लिहू नये. आम्ही केवळ केसपेपर क्रमांक व कर्म लिहितो. विक्रेत्याला कोणाला वमन आहे हे कळण्याची गरज नाही, वमन आहे एवढे पुरे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर हा विषय केवळ सौजन्याचा राहिलेला नाही. सहायक नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचा प्रवेश बंद करावा व पासवर्ड बदलावा. तसेच कोणत्याही ॲपवर जन्मभराचा विश्वास ठेवू नये. वंडरलिस्ट नावाचे कामांच्या याद्यांचे एक नावाजलेले ॲप मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतले आणि मे २०२० मध्ये बंद केले. ज्यांनी आपल्या याद्या वेळेत हलविल्या नाहीत त्यांची पंचाईत झाली. म्हणून महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही पुढील महिन्याचे कॅलेंडर कागदावर छापून घेतो. तो कागद आता वरच्या खणात असतो.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झाले, रुग्णांची १४ अंकी आभा खाती निघाली, जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या व्याधिनामांसाठी आयसीडी-११ मध्ये स्वतंत्र विभाग खुला केला. या सर्वांचे स्वागतच आहे. पण ही नोंदीची साधने आहेत. उद्या सकाळी सातला सातारचे दार कोण उघडणार, याचे उत्तर त्यांत मिळत नाही.

आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, किंवा पाटण-जावळीच्या खोऱ्यात ज्यांना नेटवर्कच मिळत नाही, त्यांचे काय? त्यांच्यासाठी आपल्याकडे एक उत्तम साधन भिंतीवर आहेच. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये सुरू केलेले कालनिर्णय आज ॲपच्या रूपातही मिळते, पण त्याचे खरे सामर्थ्य खिळ्याला टांगलेल्या पानांत आहे. दूधवाल्याचा खाडा, गॅस सिलिंडरची तारीख, मुलीच्या परीक्षा, सर्व काही त्या चौकोनांत लिहिलेले असते आणि घरातील प्रत्येकजण जाता-येता ते वाचतो. आम्ही स्नेहपानाच्या रुग्णास तारखांची चिठ्ठी देतो आणि सांगतो, हे घरी गेल्यावर कालनिर्णयावर पेन्सिलीने लिहा. पेन्सिलीनेच, कारण तारीख सरकू शकते. दुसऱ्या दिवशी फोनवर पहिला प्रश्न तोच असतो, "लिहिले का?" वैद्याचे कॅलेंडर आणि रुग्णाच्या घरची भिंत यांवर एकच तारीख असेल, तर २०१७ सारखे होण्यासाठी दोघांनाही विसरावे लागेल.

पुढील वसंत आता दूर नाही. ज्या वैद्यबंधूंस अथवा विक्रेत्यांस साखळीच्या नोंदींचा नमुना व चार रकान्यांचा तक्ता हवा असेल, त्यांनी संपादकांकडे कळवावे. मी दोन्ही पाठवीन. तक्त्यात तेलांसाठी डबा फोडल्यानंतरची मर्यादा किती ठेवावी, याविषयी आमचे व आमच्या विक्रेत्यांचे अद्याप एकमत झालेले नाही. त्याबाबत ज्यांचा दीर्घ अनुभव असेल त्यांनी तोही अवश्य लिहून पाठवावा.